डिस्टिंक्ट लावूनही ‘कऱ्हाड’ तीनदा येतंय, आणि काळे कासारांच्या आधी

दुपारपाळी | मंगळवार, दुपारी ३.४०

नमस्कार मंडळी. मी कऱ्हाड तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात दुपारची पाळी बघते. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले, आता इथे आहे. आमच्याकडे चिटणिसांच्या भाच्याने जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू आणि पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस टाकून दिला, दोन टेबलं करून दिली आणि तो बंगळूरला निघून गेला. एक टेबल ‘सभासद’ (क्रमांक, आडनाव, नाव, गाव, फोन), दुसरं ‘पावती’ (पावती क्रमांक, सभासद_क्र, तारीख, रक्कम). टेबलांची नावं खरोखरच मराठीत आहेत आणि चालतात, त्यामुळे मला बरं वाटतं. क्वेऱ्या मी व्हिडिओ बघून शिकले.

वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मतदार सभासदांची यादी लावायची आहे. १ एप्रिलनंतर ज्यांनी वर्गणी भरली ते सगळे, अकारविल्हे. सोपं काम वाटलं होतं. मी हे लिहिलं (इथे सगळं देवनागरीत लिहितेय, मूळ शब्द इंग्रजीतच आहेत हे तुम्हाला कळेलच):

सिलेक्ट डिस्टिंक्ट (स.क्रमांक), स.आडनाव, स.नाव, स.गाव, प.तारीख
फ्रॉम सभासद स जॉइन पावती प ऑन प.सभासद_क्र = स.क्रमांक
व्हेअर प.तारीख >= '२०२५-०४-०१'
ऑर्डर बाय स.आडनाव;

आता दुखणी ऐका.

एक. ७४८ ओळी आल्या. मी आणि सकाळपाळीच्या बाईंनी पावतीपुस्तकं समोर ठेवून माणसं मोजली तर ६१२ भरली. एकेक माणूस दोनदा, तीनदा येतोय. सारख्या ओळी गाळणारं डिस्टिंक्ट कंसात क्रमांकालाच लावलंय की मी!

दोन. तारीख काढून टाकली आणि ऑर्डर बाय मध्ये मात्र प.तारीख ठेवली (शेवटी कोणी भरली ते बघायचं होतं), तर क्वेरीच चालेना. म्हणतं, सिलेक्ट डिस्टिंक्टला ऑर्डर बाय मधली गोष्ट सिलेक्टच्या यादीत असलीच पाहिजे. का असली पाहिजे? मला क्रम हवाय, तारीख दाखवायची नाहीये.

तीन. गावांची यादी काढली, सिलेक्ट डिस्टिंक्ट गाव फ्रॉम सभासद, तर ‘कऱ्हाड’ तीन वेळा आलं. तिन्ही डोळ्यांना अगदी एकसारखी. चौथं ‘कर्हाड’ असं रफारवालं होतं, ते मी हाताने दुरुस्त केलं, त्याची चूक दिसत तरी होती. या तिघांत काय फरक आहे ते देवाला ठाऊक.

चार. आमच्या कमिटीतले अप्पा. वय ८१, कोश वाचणारा माणूस. त्यांनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, “काळे कावळ्यांच्या आणि कासारांच्या आधी कसे? आणि क्षीरसागर ‘क’ मध्ये काय करतायत?” यादी परत केली.

सभा पुढच्या रविवारी आहे.

---

कोयनाकाठ | मंगळवार, दुपारी ४.०५

ताई, डिस्टिंक्ट काढा आणि ग्रुप बाय लावा, विषय संपला. आणि डिस्टिंक्ट ठेवलंत तरी ते आपोआप क्रमाने लावून देतं, ऑर्डर बाय लागतच नाही. आमच्या ऑफिसात दहा वर्षं असंच चाललंय.

---

शेंडेफळ | मंगळवार, रात्री ९.२०

कोयनाकाठ, दहा वर्षं चाललं ते नशीब. पोस्टग्रेस पूर्वी डिस्टिंक्टसाठी आधी सगळ्या ओळी क्रमाने लावायचा आणि मग शेजारशेजारच्या सारख्या ओळी गाळायचा, म्हणून निकाल क्रमाने लागलेला दिसायचा. २००९ मध्ये ८.४ आवृत्ती आली तेव्हापासून तो हॅश करूनही (ओळी क्रमाने न लावता खणांत वाटून) डिस्टिंक्ट काढतो, आणि हॅशला क्रम नसतो. टेबल लहान असलं, मोठं झालं, मेमरीची सेटिंग बदलली की तो आपली पद्धत बदलतो. माय-एसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांचंही तेच. तिथे ग्रुप बाय गुपचूप क्रम लावायचा, ८.० मध्ये ते बंद झालं आणि कितीतरी जणांचे रिपोर्ट एका रात्रीत विस्कटले. ऑर्डर बाय लिहिलं नसेल तर क्रमाबद्दल कोणी कुणाला शब्द दिलेला नाही, एवढं धरून चाला.

आता दुपारपाळी ताईंचं. (मी पुण्यात डेटाबेस सांभाळतो, सतरा वर्षं झाली. घरात धाकटा, म्हणून हे नाव.)

तुमच्या क्वेरीतला कंस नुसता शोभेचा आहे. डिस्टिंक्ट हे फंक्शन नाही, ते एका कॉलमला लागत नाही, ते आख्ख्या ओळीला लागतं. क्रमांक, आडनाव, नाव, गाव, तारीख या पाचांची जोडी सारखी असेल तरच ती ओळ गळते. एकाने एप्रिलमध्ये अर्धी वर्गणी भरली आणि जुलैमध्ये उरलेली, तर तारखा दोन, म्हणून ओळी दोन. डेटाबेसचं चुकलेलं नाही. तुम्ही ‘माणसं दे’ असं मनात म्हणालात आणि ‘माणूस-तारीख जोड्या दे’ असं लिहिलंत.

मुळात डुप्लिकेट आली कुठून ते बघा. सभासद टेबलात ती नाहीत, ती जॉइनने (दोन टेबलं जोडण्याने) पैदा केली. एका सभासदाला तीन पावत्या असतील तर जॉइन त्याला तीनदा उभा करणारच. आधी जॉइनने गर्दी करायची आणि मग डिस्टिंक्टने पांगवायची, असला हा कारभार. तुम्हाला पावतीतलं काही दाखवायचं नाही, फक्त ‘आहे का’ एवढंच विचारायचंय. मग तेच विचारा:

सिलेक्ट स.क्रमांक, स.आडनाव, स.नाव, स.गाव
फ्रॉम सभासद स
व्हेअर एक्झिस्ट्स (
सिलेक्ट १ फ्रॉम पावती प
व्हेअर प.सभासद_क्र = स.क्रमांक
अँड प.तारीख >= '२०२५-०४-०१')
ऑर्डर बाय स.आडनाव, स.नाव;

डिस्टिंक्ट नाही, काही नाही. माझ्याकडे नवीन पोरं येतात, त्यांच्या क्वेरीत डिस्टिंक्ट दिसलं की मी पहिला प्रश्न विचारतो: हे कशासाठी? दहापैकी आठ वेळा उत्तर येतं, “ओळी जास्त येत होत्या म्हणून.” म्हणजे जॉइन चुकलाय आणि वर पांघरूण घातलंय.

दुसऱ्या दुखण्याचं उत्तर तुमच्याच पावतीपुस्तकात आहे. समजा सभासद क्र. ४१० च्या पावत्या ५ एप्रिल, ९ जून आणि २ ऑगस्टच्या. डिस्टिंक्टने तीन ओळींची एक ओळ केली. आता त्या एका ओळीला तारखेच्या क्रमाने कुठे ठेवायचं? एप्रिलमध्ये, जूनमध्ये की ऑगस्टमध्ये? तीन उत्तरं आहेत, म्हणून पोस्टग्रेस नाही म्हणतो. माय-एसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या त्यातली कुठली तरी एक तारीख उचलून मुकाट पुढे जायच्या. मला नाही म्हणणारा बरा वाटतो.

शेवटची पावती हवी असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. पोस्टग्रेसमध्ये त्याला खास सोय आहे:

सिलेक्ट डिस्टिंक्ट ऑन (प.सभासद_क्र) प.सभासद_क्र, प.तारीख, प.रक्कम
फ्रॉम पावती प
ऑर्डर बाय प.सभासद_क्र, प.तारीख डीईएससी;

‘डिस्टिंक्ट ऑन’ मध्ये मात्र कंस खरा आहे. प्रत्येक सभासदाच्या गठ्ठ्यातली वरची पावती ठेवायची, बाकीच्या बाजूला. वरची कुठली हे ऑर्डर बाय ठरवतं (डीईएससी म्हणजे उतरता क्रम, नवी तारीख वर), म्हणून ऑर्डर बायची सुरुवात त्याच कॉलमने व्हावी लागते, नाहीतर पुन्हा एरर. बहुतेक दुसऱ्या डेटाबेसांत ही सोय नाही, तिथे रो-नंबर ओव्हर पार्टिशन बाय लिहून एक नंबरची ओळ घ्यायची. लिहायला लांब, पण सगळीकडे चालतं. माय-एसक्यूएलमध्ये ८.० पासून, एसक्यूलाइटमध्ये ३.२५ पासून.

जाता जाता: संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं तेव्हा टेबल म्हणजे गणितातला संच होता आणि संचात एकच गोष्ट दोनदा नसते. एसक्यूएलने, म्हणजे या क्वेऱ्यांच्या भाषेने, ते पाळलं नाही. प्रत्येक वेळी सारख्या ओळी हुडकून गाळणं महाग पडतं, म्हणून ते काम सांगाल तेव्हाच करायचं असं ठरलं. डिस्टिंक्ट हा शब्द आपल्याला लिहावा लागतो तो त्यामुळे.

गावाचं आणि काळ्यांचं उद्या बघतो. तोवर एक करा: पीएसक्यूएलमध्ये (जिथे क्वेऱ्या टंकतात ती पोस्टग्रेसची खिडकी) उलटी रेघ आणि स्मॉल एल टाकून तुमच्या डेटाबेससमोर ‘कोलेट’खाली, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायच्या पद्धतीखाली, काय लिहिलंय ते कळवा.

---

दुपारपाळी | बुधवार, दुपारी २.१५

शेंडेफळ, एक्झिस्ट्स लावलं, ६१५ आले! ७४८ वरून ६१५. आमच्या मोजणीत ६१२ आहेत, म्हणजे तीन जास्त. ते तीन कोण ते शोधतेय. पण डिस्टिंक्ट न लावता हे झालं याचंच मला नवल वाटलं. पावत्यांचं उदाहरण वाचून तो एरर का येतो तेही डोक्यात शिरलं. व्हिडिओवाला “हा एरर आला की कॉलम वर टाका” एवढंच सांगून मोकळा झाला होता.

कोलेटखाली लिहिलंय: सी डॉट यूटीएफ-८.

---

पाऊण_मात्रा | बुधवार, सायंकाळी ६.५०

गावाचं मी सांगते. मी फाँटच्या कामात असते, त्यामुळे या ‘ऱ’ने माझे बरेच केस पांढरे केलेत.

आधी ही क्वेरी चालवा:

सिलेक्ट गाव, लेंग्थ(गाव), काउंट(*) फ्रॉम सभासद
व्हेअर गाव लाइक 'क%ड%' ग्रुप बाय गाव;

माझा अंदाज, एका कऱ्हाडची लांबी ६ येईल आणि दोघांची ७. जर ८ दिसली तर शेवटी मोकळी जागा पडलीय.

कारण असं. ‘कऱ्हाड’मधला तो अर्धा, डोळ्याच्या पापणीसारखा र मराठीत टंकायचे तीन रस्ते आहेत. पहिला, पूर्ण ऱ (खाली टिंब असलेला, युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की हा येतो. क, ऱ, हलन्त, ह, काना, ड: सहा. दुसरा, साधा र, मग नुक्ता (खालचं टिंब) वेगळा, मग हलन्त: सात. तिसरा, साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं चिन्ह, जोडणारा शून्य-रुंदीचा जॉइनर: हेही सात. पडद्यावर तिन्हींचं चित्र एकच उमटतं. साधा र आणि हलन्त एवढंच टाकलं तर रफार होतो, ते तुमचं चौथं ‘कर्हाड’.

डेटाबेस चित्र बघत नाही, तो बाइट बघतो. यूटीएफ-८ मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे एक कऱ्हाड १८ बाइटचं आणि दोन २१ बाइटची. त्याच्या लेखी ती तीन गावं आहेत. तुमच्याकडे सकाळपाळी, दुपारपाळी आणि तो भाचा अशा तीन जणांनी तीन कीबोर्डांवरून नोंदी केल्या असणार. बरोबर?

यातल्या पहिल्या दोघांना युनिकोड एकच मानतं आणि दोन्हींना एका रूपात आणायची सोय पोस्टग्रेसमध्ये १३ पासून आहे, नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन. पण तिसरं, जॉइनरवालं, युनिकोडच्या हिशेबात निराळंच आहे. नॉर्मलाइझ त्याला हात लावत नाही. लोक इथेच फसतात, नॉर्मलाइझ केलं म्हणजे झालं असं समजतात. ते आपण हाताने बदलायचं:

बिगिन;
अपडेट सभासद सेट गाव = ट्रिम(नॉर्मलाइझ(
रिप्लेस(गाव,
सीएचआर(२३५२)||सीएचआर(२३८१)||सीएचआर(८२०५),
सीएचआर(२३५३)||सीएचआर(२३८१)), एनएफसी));
सिलेक्ट डिस्टिंक्ट गाव फ्रॉम सभासद;

२३५२ म्हणजे र, २३८१ हलन्त, ८२०५ तो अदृश्य जॉइनर, २३५३ ऱ. आकडे अर्थात इंग्रजी टंकायचे. यादी बघा, मनासारखी असेल तर कमिट, नाहीतर रोलबॅक. बिगिन विसरू नका, आणि त्याआधी पीजी-डंपने एक प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा. मी एकदा विसरले होते. जाऊ दे.

ट्रिम फक्त साधी स्पेस काढतो. वेबसाइटवरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या नावात न तुटणारी स्पेस (क्रमांक १६०) असते, ती त्याला दिसत नाही. तीही रिप्लेसने काढा.

आणि हेच आडनाव आणि नावालाही करा. बोऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडकर, सगळ्यांना हाच रोग होतो. ॲड. आणि डॉ. लावायची सवय असेल तर ‘ॲ’चंही तसंच. एक अखंड ॲ आहे, तो २००८ मध्ये युनिकोडात आला, आणि त्याआधीपासूनचा अ वर चंद्र देऊन केलेला आहे. दिसायला जुळे, पण यांनाही नॉर्मलाइझ एक करत नाही.

---

शेंडेफळ | बुधवार, रात्री १०.०५

पाऊण_मात्रा, हे मला अर्धंच माहीत होतं. जॉइनरवालं निसटतं हे आज कळलं. आमच्याकडच्या दोन टेबलांची आता मला काळजी वाटायला लागलीय.

माय-एसक्यूएलवाल्यांसाठी एक पुरवणी. तिथे जुन्या कोलेशनमध्ये शब्दाच्या शेवटची मोकळी जागा तुलनेत धरत नाहीत, ‘मसूर’ आणि ‘मसूर ’ एकच. ८.० बरोबर आलेल्या ०९०० वाल्या कोलेशनमध्ये ती धरतात. म्हणजे कोलेशन बदललं की काल एक असलेली गावं आज दोन होतात, आणि माणूस म्हणतो अपग्रेडने डेटा बिघडवला.

आता काळे. सी म्हणजे नुसता युनिकोड क्रमांकाचा क्रम. युनिकोडच्या तक्त्यात ल च्या लगेच पुढे ळ बसवलाय आणि व त्याच्याही पुढे. म्हणून तुमची यादी अशी लागली: काटे, कामत, काळे, कावळे, कासार. आणि क्ष हे तक्त्यात वेगळं अक्षर नाहीच, ते क, हलन्त, ष असं लिहिलं जातं. हलन्ताचा क्रमांक सगळ्या काना-मात्रांच्या पुढचा, म्हणून क्षीरसागर ‘कौ’च्याही खाली, पण ‘ख’च्या वर. अप्पांना जे दिसलं तेच.

मराठी वर्णमालेत ह नंतर ळ, मग क्ष, ज्ञ. पोस्टग्रेसमध्ये मराठीचा हा क्रम आयसीयू नावाच्या लायब्ररीबरोबर येतो. उबुंटूच्या पॅकेजात ती असते, काही बसवावं लागणार नाही:

ऑर्डर बाय स.आडनाव कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू",
स.नाव कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू"

एमआर, एक्स, आयसीयू, मध्ये छोट्या रेघा, सगळं छोट्या लिपीत आणि दुहेरी अवतरणात. एकेरीत टाकाल तर चालणार नाही.

---

दुपारपाळी | गुरुवार, दुपारी ४.३०

पाऊण_मात्रा, तुम्ही ज्योतिष बघता का? लांब्या ६, ७, ७. आणि तीन कीबोर्डही खरे. सकाळपाळीच्या बाई मोबाइलवर टंकून स्वतःलाच मेल करतात आणि इथे येऊन चिकटवतात, हे मला आजच कळलं.

बिगिन केलं, प्रत काढली, बदललं. आता कऱ्हाड एक. शिवाय ‘उंब्रज’ दोन होती, एकात शेवटी ती १६० नंबरची स्पेस निघाली.

सभासदांची यादी कोलेट लावून उत्तम आली. काटे, कामत, कावळे, कासार, काळे. क्षीरसागर शेवटच्या पानावर गेले. पण गावांची यादी अडली. मी लिहिलं:

सिलेक्ट डिस्टिंक्ट गाव फ्रॉम सभासद
ऑर्डर बाय गाव कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू";

तर तोच जुना एरर! ऑर्डर बाय मधलं सिलेक्टमध्ये नाही म्हणे. अहो, गाव आहे की वर! इथे तर तीन पावत्याही नाहीत.

आणखी एक गंमत. मी यादी एका पानाला ४० अशी छापते. लिमिट ४०, मग ऑफसेट ४०, ८०, असं करत. पानं लावून बघितली तर पाटलांमध्ये एक बाई दोन पानांवर आल्यात आणि दुसरे एक गृहस्थ कुठेच नाहीत. क्वेरी एकत्र चालवली की दोघंही नीट असतात. हे काय भूत?

---

शेंडेफळ | गुरुवार, रात्री ९.४०

पहिलं. त्याच्या दृष्टीने ‘गाव’ आणि ‘कोलेट लावलेलं गाव’ या दोन वेगळ्या गोष्टी. वर एक, खाली दुसरी. मान्य, इथे तो जरा अतीच करतो. आत गाळा, बाहेर लावा:

सिलेक्ट गाव फ्रॉम (सिलेक्ट डिस्टिंक्ट गाव फ्रॉम सभासद) ग
ऑर्डर बाय गाव कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू";

इथलं डिस्टिंक्ट रास्त आहे बरं का. गावांचं वेगळं टेबल नाही, सभासदांतूनच ती काढायची आहेत, तिथे सारखी गाळावीच लागतात. (गावांचं टेबल करून सभासदात त्याचा क्रमांक ठेवलात तर हा कऱ्हाडचा घोळ पुन्हा होणार नाही. पण ते सभेनंतर.)

दुसरं. भूत पाटलांत आहे. तुमच्या ऑर्डर बाय मध्ये फक्त आडनाव ठेवलंय ना? किती पाटील आहेत?

---

दुपारपाळी | गुरुवार, रात्री ९.५५

हो, छापायच्या क्वेरीत आडनावच ठेवलं होतं. पाटील ९४.

---

शेंडेफळ | गुरुवार, रात्री १०.२०

मग झालंच. ९४ जणांचं आडनाव सारखं, आणि आपसात त्यांनी कसं उभं राहायचं हे तुम्ही सांगितलेलंच नाही. तुम्ही प्रत्येक पानासाठी नवी क्वेरी चालवता. पहिल्या वेळी पाटील एका क्रमाने उभे राहिले, त्यातले पहिले काही तुम्ही घेतले. दुसऱ्या वेळी ते जागा बदलून उभे राहिले, तुम्ही ‘पहिले ४० सोडून पुढचे’ म्हणालात, तर मघाशी घेतलेल्या बाई पुन्हा पुढच्यांत आल्या आणि एक गृहस्थ सोडलेल्यांत गेले. लिमिट बदललं तरी डेटाबेस लावायची पद्धत बदलू शकतो, कारण त्याला फक्त वरच्या थोड्या ओळी लागतात.

डिस्टिंक्टने हे कधीच जाणार नाही, कारण एकेका पानात डुप्लिकेट नाहीच. ऑर्डर बाय च्या शेवटी असं काहीतरी ठेवा जे दोघांचं सारखं असूच शकत नाही. आडनाव, नाव, मग क्रमांक. बरोबरी सुटली की भूत जातं. किंवा पानं पाडायचं काम डेटाबेसला सांगूच नका. ६१५ ओळी आहेत, एकदम काढा आणि कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा प्रोग्राम) पानं पाडा. मी तर तेच करीन.

---

कोयनाकाठ | शुक्रवार, सकाळी ११.१०

माघार घेतो. काल आमच्या ऑफिसातल्या स्टॉकच्या पानांवर बघितलं, तिथे पण एक आयटम दोन पानांवर सापडला. वर्षभर स्टोअरवाल्याला शिव्या घालत होतो.

ताई, तुमचा क्रमांक टेक्स्ट आहे की आकडा? टेक्स्ट असेल तर १ नंतर १०, मग १००, मग २ असं लागेल. बरोबरी सोडवायला चालेल, पण नुसत्या क्रमांकावर यादी लावाल तेव्हा फसाल.

---

दुपारपाळी | शुक्रवार, दुपारी ३.००

टेक्स्टच आहे, कारण आजीव सभासदांचे ‘आ-१२’ असे क्रमांक आहेत. ‘आ’ वेगळ्या कॉलमात काढायला सांगते भाच्याला.

आता ते तीन जास्तीचे. आडनाव, नाव, गाव यांवर ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट(*) > १ लावून शोधले. परवा, ‘ऱ’ सुधारायच्या आधी, पाच जोड्या निघाल्या होत्या. कार्डं काढून पाहिली तर त्यातल्या तीन जोड्या खरोखरच वेगळी माणसं. एकाच गावातले, एकाच नावाचे, वडिलांची नावं वेगळी, एका जोडीतले तर सख्खे चुलतभाऊ. उरलेल्या दोन मात्र एकाच माणसाला दोन क्रमांक. काल ‘ऱ’ सुधारल्यावर सहावी जोडी वर आली. एक बोऱ्हाडे जॉइनरचे, एक बिनजॉइनरचे.

ते आमचे अप्पाच निघाले. पूर्वी कार्ड हरवलं म्हणून त्यांनी नवीन काढलं होतं, दोन्ही क्रमांक चालू राहिले. एप्रिलमध्ये सकाळपाळीने एकावर पावती फाडली, जुलैमध्ये मी दुसऱ्यावर. म्हातारा माणूस दोनदा वर्गणी भरून बसला आणि आम्ही दोघींनी घेतली.

या एकाच माणसाला दोन क्रमांक असलेल्या तीन जोड्यांचं काय करू? जादाची ओळ सरळ डिलीट करू का?

---

शेंडेफळ | शुक्रवार, रात्री ८.४५

सरळ नको. त्या क्रमांकाला पावत्या टांगलेल्या आहेत. भाच्याने फॉरेन की (पावतीवरचा क्रमांक सभासदात असलाच पाहिजे असं बंधन) लावली असेल तर डिलीट होणारच नाही, आणि लावली नसेल तर होईल आणि पावत्या बेवारस होतील. आधी पावत्या ठेवायच्या क्रमांकाकडे वळवा, मग रिकामा झालेला क्रमांक काढा. बिगिन आणि कमिटच्या मध्ये:

अपडेट पावती सेट सभासद_क्र = 'ठेवायचा' व्हेअर सभासद_क्र = 'काढायचा';
डिलीट फ्रॉम सभासद व्हेअर क्रमांक = 'काढायचा';

पुस्तकांच्या देवघेवीचं वेगळं टेबल असेल तर तेही वळवा. तीनच जोड्या आहेत, हातानेच करा. असल्या कामाला मी हुशार क्वेरी लिहीत नाही. आडनाव-नाव-गाव यावर युनिक बंधन घालायचाही मोह होईल, घालू नका, तुमचे चुलतभाऊ बाहेर राहतील.

कुठला क्रमांक ठेवायचा हे डेटाबेस सांगणार नाही. ज्याचा त्याला विचारा.

---

दुपारपाळी | शनिवार, दुपारी १.३०

विचारलं. अप्पा म्हणाले जुना ठेवा, नवा काढा. जुना दोन आकडी आहे आणि तसा क्रमांक असलेली चारच माणसं आता हयात आहेत, त्यामुळे त्याला हात लावायचा नाही. जादाची वर्गणी परत घेतो का विचारलं तर म्हणाले पुढच्या वर्षात धरा.

६१२ ओळी. यादी फलकावर लावली. अप्पांनी बोट फिरवत काळ्यांपर्यंत वाचली, मान डोलावली, मग शेवटच्या पानावर क्षीरसागर बघितले. म्हणाले, “दोन क्रमांक होते तर दोन मतं होती माझी, मला आधी का नाही सांगितलंत?”